चिपाडातला उजेड

इ. स. 1565 हे साल दख्खनच्या इतिहासात राक्षसतागडीच्या लढाईचे म्हणून ओळखले जाते. 23 जानेवारीच्या त्या लढाईत विजयनगरच्या रामरायाचा अंत झाला आणि त्याच्याविरुद्ध उभ्या ठाकलेल्या सुलतानांत अहमदनगरचा हुसेन निजामशहा आघाडीवर होता. इतिहासकार फरिश्त्याने दिलेल्या हकिकतीनुसार या घराण्याचे मूळ गोदावरीच्या उत्तरेकडील, मराठवाड्यातल्या पाथरीत. पूर्वज तिथले ब्राह्मण कुळकर्णी. हुसेनचा बाप बुऱ्हाण निजामशहा याला वाडवडिलांच्या गावाची ओढ इतकी, की त्याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला आणि नकार आल्यावर 1518 मध्ये ती लढून घेतली. ती पुन्हा हातची गेली, 1527 मध्ये पुन्हा जिंकावी लागली. याच बुऱ्हाणाच्या दरबारी गार्सिया द ओर्टा नावाच्या पोर्तुगीज वैद्याची ये-जा होती. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. दोनच वर्षांनी, म्हणजे राक्षसतागडीच्याच साली, स्पेनमधल्या सेव्हिल शहरी निकोलस मोनार्देस या दुसऱ्या वैद्याने अमेरिकेतून येणाऱ्या वनौषधींवर असाच एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोनार्देस स्वतः कधी अमेरिकेला गेला नाही. बंदरात उतरणाऱ्या मालावरून आणि खलाशांच्या सांगण्यावरून तो लिही. त्याने मूत्रविकारावरच्या एका लाकडाची नोंद केली. त्याच्या ढलप्या पाण्यात भिजत घातल्या की पाणी निळसर झळाळू लागते, असे त्याने लिहिले. वनस्पतीतून निघणाऱ्या, जाळल्याशिवाय दिसणाऱ्या उजेडाची ही युरोपातली पहिली छापील नोंद समजली जाते.

आपण ज्या वस्तूचा मागोवा घेणार आहोत तिच्या वंशवेलीचे एक मूळ इथे आहे. कारखान्यातला वनस्पतिजन्य टाकाऊ माल, म्हणजे उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा, फळांच्या साली, यांपासून प्रकाश देणारे पदार्थ बनवण्याचे काम गेल्या वीसएक वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत चालू झाले. बातम्या वाचताना ते अगदी कालपरवाचे वाटते. पण त्याच्यामागे दोन जुन्या वाटा आहेत. एक थंड उजेडाची, म्हणजे न जळता चमकणाऱ्या द्रवांची. दुसरी जळणाऱ्या उजेडाची. या दोन्ही वाटा शतकानुशतके एकमेकींपासून दूर चालल्या आणि अखेर काजळीत एकत्र आल्या.

पहिली वाट आधी पाहू. मोनार्देसच्या लाकडाने युरोपातल्या विद्वानांना शंभर वर्षे बुचकळ्यात टाकले. अथानासियुस किर्शर या जेझुइट पंडिताने 1646 मध्ये त्याच्यावर लिहिले. 1664 मध्ये रॉबर्ट बॉइलने त्या पाण्यात आम्ल टाकून पाहिले तर निळाई गेली, अल्क टाकला तर परतली. म्हणजे जादू लाकडात नसून त्यातल्या एखाद्या द्रव्यात आहे हे त्याने ओळखले. पुढे हे लाकूड कोणत्या झाडाचे, हेच लोक विसरून गेले. 1915 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड याने गुंता सोडवला. त्याच्या मते एकाच नावाखाली दोन झाडांची लाकडे खपत होती, एक मेक्सिकोतले आणि दुसरे फिलिपिन्समधले. त्या दुसऱ्या झाडाचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे. तो म्हणजे बिबळा, ज्याला बाजारात विजयसार म्हणतात. मधुमेहावर उपाय म्हणून बिबळ्याच्या लाकडाचे पेले आजही विकले जातात. रात्री त्यात पाणी भरून ठेवावे, सकाळी तपकिरी झालेले पाणी उन्हात तिरके धरून पाहावे; कडेला निळी झाक दिसते. औषध म्हणून त्याचा गुण किती, हा वैद्यांचा प्रश्न आहे. पण सेव्हिलच्या वैद्याला चकित करणारी निळाई आपल्याकडे पेल्यापेल्यातून प्यायली जात होती, याची मला मोठी गंमत वाटते.

एकोणिसाव्या शतकात या वाटेवर वेग आला. 1833 मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने पानांचा हिरवा अर्क मद्यार्कात काढून त्यातून सूर्यकिरण सोडला, तर आत लाल उजेड दिसला. 1845 मध्ये जॉन हर्शेलने सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणाऱ्या क्विनाइनच्या द्रावणावरची निळी झळाळी वर्णिली. 1852 मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने या सगळ्याचा उलगडा केला. डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा किरण हे पदार्थ शोषून घेतात आणि कमी शक्तीचा, डोळ्यांना दिसणारा प्रकाश परत देतात, असे त्याने दाखवले. मराठीत आपण याला प्रतिदीप्ती म्हणतो. स्टोक्सने तपासलेल्या पदार्थांची यादी वाचताना मराठवाड्याचा माणूस थबकतो, कारण तिच्यात हळदीचा अर्क आहे. पाथरीच्या पूर्वेला वसमतच्या बाजारात जिची रास पडते तीच हळद. मद्यार्कात विरघळवून अतिनील दिव्याखाली धरली तर ती हिरवट पिवळी चमकते. आणि मोनार्देसच्या लाकडात नेमके काय चमकत होते, त्याची रचना रसायनशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये पक्की केली. एका प्रश्नाचे उत्तर यायला 444 वर्षे लागली.

आता दुसरी वाट, जळणाऱ्या उजेडाची. इथे पाथरी परिसर फार जवळचा आहे, कारण हा मुलूख मुळात करडई, जवस आणि कापूस पिकवणारा. तेल त्याच शेतातले, वातही त्याच शेतातली. समईत, पणतीत, दिवटीत वनस्पतीचेच दोन भाग मिळून उजेड देत आणि मागे काजळी उरे. ती काजळीही वाया जात नसे. डोळ्यांत घालायला काजळ, आणि डिंकाच्या पाण्यात घोटली की पोथ्यांची शाई. दिव्याच्या उजेडात बसून दिव्याच्याच काजळीने लिहिणारा लेखक त्या काळ्या द्रवाकडे पाहून म्हणाला असता, की यात आता उजेडाचा अंशही उरलेला नाही. पुढे दिसेल, की तो चुकला असता.

कापसाला मात्र अजून दोन मोठ्या भूमिका करायच्या होत्या. ऑक्टोबर 1879 मध्ये अमेरिकेत एडिसनच्या कार्यशाळेत कापसाचे साधे शिवणाचे सूत भट्टीत कोळसा करून काचेच्या निर्वात फुग्यात बसवण्यात आले. त्यातून वीज सोडल्यावर ते 13-14 तास उजळत राहिले. पुढच्या वर्षी एडिसनला जपानमधल्या क्योटोजवळचा बांबू त्याहून टिकाऊ सापडला आणि बांबूच्या कोळशाचे दिवे हजार तासांवर चालू लागले. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान गंधकाम्लात भिजवलेल्या कापसाच्या धाग्याने हेच काम करत होता. म्हणजे विजेचा पहिला व्यवहारी दिवा हा खऱ्या अर्थाने वनस्पतीच्या कार्बनचा दिवा होता. हे आपण सहज विसरतो, कारण 1910 च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि कार्बनची तार पाहता पाहता अडगळीत गेली.

दुसरी भूमिका गॅसबत्तीच्या मेंटलची. व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने कापसाची विणलेली जाळी दुर्मीळ मृदा धातूंच्या क्षारांत भिजवून ती ज्योतीवर धरली. कापूस जळून जाई आणि त्याच्याच विणीच्या आकाराचा, राखेइतका नाजूक सांगाडा मागे राही. तो तापला की लख्ख पांढरा उजेड देई. पहिले पेटंट 1885 चे, पण रंग हिरवट असल्याने ते चालले नाही. 1891 मध्ये त्याने प्रमाण बदलले. थोरियमचे ऑक्साइड 99 टक्के आणि सीरियमचे 1 टक्का, हे मिश्रण जगभर गेले. त्या एका टक्क्याकडे आपण लक्ष ठेवू, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. थोरियम आधी ब्राझीलच्या वाळूतून येई. 1909 मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत थोरियम असलेल्या मोनाझाइटचे कण दिसले आणि केरळची किनारपट्टी एकदम महत्त्वाची ठरली. नारळाच्या सोडणाला लागून आलेली धूळ झटकताना लागलेला हा शोध. टाकाऊ मालाच्या इतिहासात त्याला मानाची जागा द्यायला हवी. 1910 च्या आसपास बर्लिनच्या माक्स ग्रेत्सची पेट्रोमॅक्स आली आणि मग लग्नाच्या वरातीत, तमाशाच्या फडात, गणपतीच्या मेळ्यात डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली माणसे हे महाराष्ट्राच्या रात्रीचे ओळखीचे चित्र झाले. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात खेडोपाडी वीज पोहोचायला महाराष्ट्र राज्य आणि 1960 चे वीज मंडळ यावे लागले. तोवर वरातीपुरता तरी कापसाच्या राखेचाच उजेड होता.

यानंतर वनस्पती उजेडाच्या धंद्यातून जवळपास बाहेर पडली. टंगस्टन आला, मग नळ्या, मग सीएफएल. 1990 च्या दशकात जपानमध्ये निळा एलईडी साधला. त्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरीचा लेप दिला की दोन्ही रंग मिळून पांढरा दिसतो. आज आपल्या घरातला, मोबाइलमधला, पाथरीच्या रस्त्यावरचा जवळपास प्रत्येक पांढरा दिवा असाच आहे. त्या पिवळ्या पावडरीला रंग देणारा धातू कोणता? सीरियम. गॅसबत्तीतला तोच एक टक्का. सव्वाशे वर्षांत कापूस गळाला आणि सीरियम राहिला. दुर्मीळ मृदा धातूंच्या खाणी आणि शुद्धीकरण यांवर आज चीनची पकड आहे. म्हणूनच त्या पावडरीला पर्याय शोधण्याची घाई जगाला झाली, आणि ती घाई संशोधकांना पुन्हा वनस्पतीच्या दाराशी घेऊन आली.

त्याआधी टाकाऊ मालाकडे वळू. 1838 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन याने लाकडातून सेल्युलोज वेगळे काढले आणि त्याला घट्ट धरून ठेवणारे दुसरे द्रव्य आहे हे दाखवले. ते लिग्निन. कागद बनवायचा तर लिग्निन काढून टाकावे लागते, त्यामुळे कागद गिरण्यांतून त्याचा काळा द्रव वाहू लागला. आजही जगात दरवर्षी निघणाऱ्या कोट्यवधी टन लिग्निनचा बहुतेक भाग बॉयलरमध्ये जळतो. आपल्याकडे हे द्रव्य मुख्यतः उसातून येते. मराठवाड्यात ऊस मोठ्या प्रमाणावर आला तो जायकवाडी धरणामुळे. लालबहादूर शास्त्री यांनी 1965 मध्ये पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले आणि डाव्या कालव्याचे पाणी पाथरी, मानवतच्या शिवारात फिरले. ज्या काळ्या जमिनीत कापूस आणि ज्वारी उभी राही, तिथे ऊस उभा राहिला. तालुक्यात देवनांदऱ्याला साखर कारखाना आला. गाळपासाठी एक टन ऊस गव्हाणीत पडला की सुमारे 280 ते 300 किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो. त्यात निम्मे पाणी. उरलेल्या कोरड्या भागात ढोबळमानाने 40 ते 45 टक्के सेल्युलोज आणि पाचवा हिस्सा लिग्निन. म्हणजे टनामागे 28 ते 30 किलो लिग्निन. रोज अडीच हजार टन गाळणारा कारखाना दिवसाला 70 टनांहून अधिक लिग्निन धुराड्यातून सोडतो, असा हा हिशेब.

सोडतो म्हणजे वाया घालवतो, असे मात्र नाही, आणि इथे या विषयावरच्या उत्साही लेखांशी माझे पटत नाही. पूर्वी कारखान्यांना बगॅस ही अडचणच वाटे. म्हणून कमी दाबाचे, इंधन खाणारे बॉयलर मुद्दाम वापरत, चिपाड संपले म्हणजे झाले. सहवीजनिर्मिती आल्यापासून उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये तेच बगॅस जाळून कारखाना स्वतःची वीज भागवतो आणि उरलेली सार्वजनिक वीजजाळ्यात सोडतो. तेव्हा उसाच्या चिपाडातून उजेड काढण्याचे काम देवनांदऱ्यासारख्या ठिकाणी अगदी रोखठोक अर्थाने चालू शकते: चिपाड, वाफ, टर्बाइन, तार, दिवा. नव्या रसायनाला स्पर्धा करायची आहे ती या साखळीशी. कापसाच्या पऱ्हाटीची गोष्ट वेगळी. ती खरोखरच शेतात जाळली जाते किंवा चुलीत जाते. मुंबईच्या माटुंग्याची प्रयोगशाळा, जी 1924 मध्ये कापूस समितीची म्हणून सुरू झाली आणि आज सिरकॉट नावाने ओळखली जाते, तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र कधीच विकसित केले आहे.

आता त्या दोन वाटा जिथे मिळाल्या तिथे येऊ. 2004 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठात काही संशोधक विजेच्या ठिणगीतून तयार झालेली काजळी शुद्ध करत होते. त्यांना हव्या होत्या कार्बनच्या नलिका. मिश्रणाचे घटक विजेच्या क्षेत्रात वेगळे करताना एक पट्टा अतिनील दिव्याखाली चमकताना दिसला. तो नलिकांचा नव्हता, कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा होता. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या दहांहून कमी भागांत मावणारे कण. 2006 मध्ये क्लेमसन विद्यापीठात या-पिंग सुन यांच्या गटाने हे कण ठळक चमकतील असे बनवले आणि कार्बन डॉट्स हे नाव रूढ झाले. 2007 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात चेंगडे माओ यांच्या गटाने मेणबत्तीची काजळी नत्राम्लात उकळून वेगवेगळ्या रंगांत चमकणारे कण वेगळे काढले. ज्या काजळीला पोथी लिहिणाऱ्याने विझलेली मानले, तिच्यातच उजेड होता; फक्त तो पाहायला अतिनील दिवा लागत होता. कॅडमियमसारख्या विषारी धातूंचे क्वांटम डॉट्स तेव्हा आधीपासून होते, त्यांच्या शोधाला 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. पण कार्बनचे कण फारसे विषारी नाहीत आणि त्यांचा कच्चा माल कुठेही मिळतो, हे त्यांचे बलस्थान.

मग सुरू झाली स्वयंपाकघराची आणि शेताची लूट. 2012 मध्ये राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील सस्मिता मोहपात्रा आणि सहकाऱ्यांनी संत्र्याच्या रसापासून हे कण बनवले. 2013 मध्ये अंबरनाथच्या एसआयसीईएस महाविद्यालयातील नॅनोतंत्रज्ञान केंद्रात माधुरी शेरॉन यांच्या गटाने शिंगाड्याच्या सालीच्या अर्कापासून कार्बन डॉट्स मिळवले. महाराष्ट्राच्या बाजूने या वंशावळीत टाकावे असे हे पहिले नाव मला सापडते. उपवासाच्या दिवशी सोलून फेकलेली शिंगाड्याची साल! 2014 मध्ये सुरतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत सुरेशकुमार कैलासा यांच्या गटाने उसाच्या रसाचे कण बनवून त्यांनी जिवाणू आणि यीस्ट उजळून दाखवले, त्याच वर्षी चीनमधून चिपाडाच्या कार्बन डॉट्सवरचा निबंध आला. 2020 मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत प्रशांत सोनार आणि सहकाऱ्यांनी न्हाव्याच्या दुकानातले केस जाळून मिळवलेल्या कणांपासून लवचीक पडद्याचा दिवा केला. केस वनस्पती नव्हेत, पण कचऱ्याच्या कार्बनने विजेवर उजळून दाखवले, म्हणून ही नोंद.

कृती सांगायला सोपी आहे. चिपाड वाळवून दळायचे, पाण्यात मिसळायचे, आत टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात बंद करून 150 ते 200 अंश सेल्सिअसला काही तास ठेवायचे. वाफ बाहेर जाऊ शकत नाही, दाब वाढतो आणि सेल्युलोज, लिग्निन तुटून कार्बनच्या कणांत पुन्हा जुळतात. थंड झाल्यावर चहासारखा तपकिरी द्रव मिळतो. गाळून घ्यायचा, अपकेंद्री यंत्रात फिरवायचा, पडद्यातून शुद्ध करायचा आणि अतिनील दिव्याखाली धरायचा. निळा उजेड येतो. इथपर्यंत सारे छान. पुढे अडचणी आहेत. बहुतेक वेळा रंग निळाच येतो, लाल मिळवायला कष्ट पडतात. शोषलेल्या प्रकाशाचा थोडाच भाग परत मिळतो. द्रवात चमकणारे कण वाळवून पावडर केली की एकमेकांना चिकटून विझतात, म्हणून त्यांना स्टार्चमध्ये किंवा प्लास्टिकच्या पातळ थरात विखरून ठेवावे लागते. प्रत्येक खेपेला माल सारखा येईल याची शाश्वती नाही, कारण ऊस जातीप्रमाणे, जमिनीप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतो. आणि हे कण स्वतः उजेड तयार करत नाहीत. त्यांना आधी कुणीतरी निळा किंवा अतिनील किरण द्यावा लागतो. म्हणून सीरियमच्या पावडरीची जागा घेण्याचे स्वप्न अजून दूर आहे. आज त्यांचा खरा उपयोग दिसतो तो पाण्यातले लोह, पारा यांसारखे धातू ओळखण्यात, पेशी रंगवण्यात आणि बनावट नोटा-कागद ओळखता येतील अशा शाईत. शाईत! काजळीने शाईपासून प्रवास सुरू केला आणि ती शाईतच परतली.

हे संशोधन आपल्या भागातही होऊ शकते. परभणीत 1918 पासून निजामाच्या प्रयोग-शेतावर कापूस आणि ज्वारीवर संशोधन होत आले, 1972 मध्ये तिथे कृषी विद्यापीठ उभे राहिले. उसासाठी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. चिपाड, पऱ्हाटी, सरकीचे टरफल, हळदीचा टाकाऊ कंद या प्रत्येकाचे कण कसे चमकतात, कोणत्या जातीचा ऊस कोणता रंग देतो, याची पद्धतशीर सारणी करणे हे कुठल्याही तालुका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागालाही जमेल असे काम आहे. पोलादी भांडे, ओव्हन आणि अतिनील टॉर्च एवढ्यावर सुरुवात होते. पाण्यातले लोह ओळखणारी स्वस्त पट्टी त्यातून निघाली तर बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांना ती लगेच उपयोगी पडेल.

शेतकऱ्याला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एका दिव्याच्या लेपाला मिलिग्रॅमच्या हिशेबात कण लागतात. साऱ्या जिल्ह्याची गरज एका ट्रॉलीभर चिपाडात भागेल आणि उरलेले बगॅस बॉयलरमध्येच जाईल. कार्बन डॉट्समुळे चिपाडाला भाव येईल आणि उसाचा दर वाढेल, असे कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.